गटाला परवडणारं शस्त्र

सहकारी शूटर गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही: सगळ्यांत भारी शस्त्र कोणतं? वादात पुरावा म्हणून आकडे पुढे येतात. एका गोळीचं डॅमेज किती, सेकंदाला गोळ्या किती, किती गोळ्यांनी रीलोड करावं लागतं. एकट्याने खेळताना हे गणित बऱ्यापैकी जुळतं. चौघे किंवा सहा जण मिळून खेळायला लागले की ते अपुरं पडतं, कारण गटात शस्त्राची किंमत फक्त ते चालवणारा मोजत नाही. एकाने बार काढला की आवाजावर धावून आलेली झुंड सगळ्यांवर पडते. एकाने लावलेली आग दुसऱ्याची वाट अडवते. एकाची हावरट बंदूक पुरवठ्याची पेटी रिकामी करते आणि बाकीचे मोजून गोळ्या झाडत बसतात. म्हणून माझ्या मते प्रश्न असा हवा: हे शस्त्र गटाला परवडतं का? खास शस्त्रांचे गुणदोष मी या लेखात याच एका कसोटीवर तपासले आहेत.

त्यासाठी न्यूझीलंडकडे बघावं. लोकसंख्येने हा देश आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान आहे, तरी गेल्या पंधरा वर्षांत तिथल्या लोकांनी असे तीन खेळ घडवले ज्यांत शस्त्रांचा विचार तीन अगदी वेगळ्या टोकांनी केलेला दिसतो. ‘डे-झी’ ज्याच्या डोक्यातून निघाला तो डीन हॉल न्यूझीलंडचा. त्याच्या रॉकेटवर्क्झ या कंपनीचा ‘इकॅरस’ ऑकलंडमध्ये बनला. आणि ‘पाथ ऑफ एक्झाइल’चे दोन्ही भाग करणारी ग्राइंडिंग गिअर गेम्स ही कंपनीही ऑकलंडचीच. यांतला एकही खेळ रूढ अर्थाने शुद्ध शूटर नाही, हे आधीच सांगतो. पहिला जगण्याचा झगडा आहे, दुसरा शिकारीचा आणि बांधकामाचा, तिसरा वरून दिसणारा राक्षससंहार. पण नेम धरणं, गोळ्या जपणं आणि सोबत्याकडे लक्ष ठेवणं या तिन्ही गोष्टी त्यांत आहेत, आणि खास शस्त्रांबद्दल शिकण्यासारखं त्यांत भरपूर आहे.

सुरुवात ‘डे-झी’पासून. हॉल दक्षिण बेटावरच्या ओआमारू गावचा. आधी हवाई दलात आणि नंतर लष्करात तो अधिकारी होता. सिंगापूरच्या लष्कराबरोबर असताना ब्रुनेईच्या जंगलातल्या सरावात त्याने उपासमार आणि दुखापत दोन्ही सोसल्या. त्या अनुभवातूनच हा खेळ सुचला, असं त्याने वेळोवेळी सांगितलं आहे. २०१२ साली ‘आर्मा २’ या चेक कंपनीच्या युद्धखेळावर त्याने आपला फेरफार चढवला. चेर्नारस नावाचा २२५ चौरस किलोमीटरचा काल्पनिक प्रदेश, त्यात झोंबी, त्यात भूक-तहान, आणि त्यात इतर खेळाडू, जे मित्र निघतील की वैरी हे आधी कळत नाही.

या प्रदेशात ली-एनफिल्ड रायफल सापडते. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच, आणि दोन्ही महायुद्धांत न्यूझीलंडचे सैनिकही हीच रायफल घेऊन लढले. ‘डे-झी’मध्ये तिची मार जबरदस्त. दहा गोळ्यांची मॅगझिन, लांबचा पल्ला, आणि लागली की समोरचा बहुधा उठत नाही. नवा खेळाडू ती मिळाली की हरखून जातो. मग पहिला बार काढतो आणि गावातले सगळे झोंबी वळून त्याच्याकडे धावत येतात. शिवाय दूरच्या टेकडीवरच्या परक्या टोळीलाही कळतं की इथे कोणीतरी आहे आणि त्याच्याकडे रायफल आहे. एकटा असशील तर पळून सुटशील. मागे तीन सोबती एखाद्या कोठारात औषधं शोधत असतील तर त्या एका गोळीची किंमत त्यांनी चुकवायची.

याच्या उलट क्रॉसबो. एक बाण, मग सावकाश रीलोड, नेम चुकला तर दुसरी संधी बहुतेक नाहीच. कागदावर हे शस्त्र भिकार दिसतं. पण ते जवळजवळ आवाज करत नाही आणि झाडलेला बाण परत उचलता येतो. सायलेन्सर लावलेलं एम-नाइन पिस्तूलही तसंच: मार बेताची, पण एक जण झोंबी टिपत असताना बाकीचे आपलं काम शांतपणे करू शकतात. चौघांच्या गटात अशी दोन पिस्तुलं आणि एकच मोठी रायफल, तीही ‘सांगितल्याशिवाय चालवायची नाही’ या अटीवर, ही रचना मला चार मोठ्या रायफलींपेक्षा केव्हाही सरस वाटते. एएस-५० ही पन्नास कॅलिबरची स्नायपर हा त्या जगातला सर्वांत हेवा करण्याजोगा ऐवज होता. एका गोळीत माणूस आडवा. पण ती दुर्मीळ होती, तिच्या गोळ्या दुर्मीळ होत्या, आणि ती ज्याच्या हाती असे तो गटापासून दूर टेकडीवर पडून राही. गटाला त्याचा उपयोग किती, हे सर्वस्वी त्याच्या बोलण्यावर अवलंबून. दुर्बिणीतून दिसलेलं जो सतत सांगत राहतो त्याची एएस-५० गटाची. जो गप्प राहून मोका साधतो त्याची फक्त त्याचीच.

‘डे-झी’मधली सगळ्यांत खोल सहकारी रचना मात्र शस्त्राची नाहीच. त्या मूळ फेरफारात रक्ताची पिशवी स्वतःला स्वतः लावता येत नसे. ती दुसऱ्यानेच लावायची. अंगातलं रक्त ओसरून डोळ्यांपुढचे रंग उडाले की हाती कितीही भारी बंदूक असो, माणूस सोबत्याच्या भरवशावर. हॉलने २०१२ मध्येच आणखी एक बदल केला: नव्या खेळाडूला सुरुवातीला मिळणारं माकारोव्ह पिस्तूल काढून टाकलं. त्या वेळी पुष्कळांनी ओरड केली, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर उतरलेला माणूस आधी हाक मारतो.

‘इकॅरस’ डिसेंबर २०२१ मध्ये आला. परग्रहाला पृथ्वीसारखं करण्याचा प्रयोग फसलेला आहे, हवा श्वासाला चालत नाही, आणि आठ जणांपर्यंतचा गट कक्षेतून खाली उतरून मोहीम आटोपून परत जातो. इथे झोंबी नाहीत, पण लांडगे आहेत, अस्वलं आहेत, वादळ आलं की लाकडी घर मोडतं. शस्त्रं आधी दगडी भाला आणि साधं धनुष्य, मग सुधारलेली धनुष्यं, मग बऱ्याच श्रमांनंतर बंदुका.

या खेळात शस्त्राची किंमत वेळात आणि मालात मोजावी लागते. बंदुकीसाठी कोळसा आणि गंधकापासून दारू करायची, त्यासाठी गंधक शोधायचं, धातू वितळवायचा, आणि तोवर मोहीम तर खोळंबलेलीच असते. धनुष्याचे बाण जागच्या जागी, झाडं-दगडांतून होतात, पुष्कळ वेळा परत मिळतात, आणि लपून मारलेला बाण जास्त मार करतो. म्हणजे धनुष्य चांगलं आणि बंदूक वाईट असं सरळ उत्तर आहे का? नाही. अंगावर धावून आलेल्या अस्वलापुढे धनुष्य ताणत उभं राहणं धोक्याचं असतं, आणि तिथे शॉटगनवाला एक जण असला की बाकीचे वाचतात. आठ जणांच्या गटाला एक बंदूक परवडते. आठ बंदुका म्हणजे निम्मा गट दिवसभर खाणीत.

‘इकॅरस’मध्ये एक गोष्ट मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. कौशल्यांच्या झाडाची एक वेगळी फांदी फक्त एकट्याने खेळणाऱ्यासाठी आहे. गटात आलात की ती कौशल्यं निष्क्रिय. म्हणजे रचनाकारांनीच मान्य केलं की एकट्याचं बळ आणि गटातलं बळ या निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकच यादी होऊ शकत नाही. खास शस्त्रांच्या क्रमवाऱ्या लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता मुख्य विषयाकडे येतो, ‘पाथ ऑफ एक्झाइल २’. ग्राइंडिंग गिअर गेम्स २००६ साली सुरू झाली. पहिला ‘पाथ ऑफ एक्झाइल’ ऑक्टोबर २०१३ मध्ये आला, पुढे चीनच्या टेन्सेंटने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ऑकलंडमध्येच भरवलेल्या ‘एक्झाइलकॉन’मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली. अर्ली अ‍ॅक्सेस डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात कीबोर्डच्या चार कळांनी चालायचं आणि माउसने नेम धरायचा ही सोय आली, आणि मर्सिनरी नावाचा क्रॉसबोवाला आला. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर तो भाग उघडउघड शूटरसारखा खेळता येतो.

मर्सिनरीचा क्रॉसबो हे एक शस्त्र नव्हे. तो दारूगोळ्याचे प्रकार बदलत चालवायचा साचा आहे. प्रत्येक प्रकारच्या बाणांची वेगळी भरती, वेगळा रीलोड. त्यांतले काही प्रकार जोड्यांनी चालतात, आणि इथेच खरा सहकारी विचार सुरू होतो.

आर्मर पिअर्सिंग राउंड्स भराभर सुटतात. एकेका बाणाची मार किरकोळ, पण ते शत्रूचं चिलखत झिजवत जातात. चिलखत पूर्ण फुटलं की हाय व्हेलॉसिटी राउंड्सचा एकच जड बाण ते फुटलेपण खर्ची घालतो आणि जबर मार करतो. एकटा खेळाडू दोन्ही कामं आळीपाळीने करतो. गटात मात्र चिलखत फुटलेलं असणं ही शत्रूची अवस्था असते, कोणा एकाची मालमत्ता नव्हे. तुम्ही फोडलेल्या चिलखताचा फायदा गदा घेऊन भिडलेल्या वॉरिअर या दुसऱ्या पात्रालाही मिळतो. मग हाय व्हेलॉसिटीचा बाण मारून ते फुटलेपण वापरून टाकायचं की मित्रासाठी ठेवायचं? डॅमेजच्या तक्त्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं. बॉसवर वॉरिअर घाव घालत असेल तर मी चिलखत फोडण्याचंच काम करत राहणं पसंत करतो.

दुसरी जोडी याहून नाजूक आहे. पर्माफ्रॉस्ट बोल्ट्स शत्रूला लवकर गोठवतात. फ्रॅगमेंटेशन राउंड्स जवळून शॉटगनसारखे फुटतात आणि गोठलेल्या शत्रूवर पडले तर ते गोठणं खर्ची घालून स्फोट करतात. एकट्याच्या हातात ही जोडी झकास चालते: गोठव, फोड, पुढच्याकडे वळ. गटात हीच जोडी घात करते. समजा सॉर्सरेस या जादूगारणीने मोठा राक्षस गोठवला आहे, मंक जवळ जाऊन शांतपणे घाव घालतो आहे, आणि तेवढ्यात तुम्ही उत्साहाने फ्रॅगमेंटेशन झाडलं. तुमचा आकडा मोठा दिसेल. राक्षस मात्र त्या क्षणी सुटतो, आणि समोर उभा असलेला मंक त्याच्या पहिल्या फटक्याला सापडतो. माझ्या कसोटीवर पर्माफ्रॉस्ट हे गटासाठी या क्रॉसबोचं सर्वोत्तम अस्त्र आहे आणि फ्रॅगमेंटेशन हे न बोलता वापरलं तर सर्वांत धोक्याचं. दोन्ही एकाच भात्यातली.

ग्रेनेडचं गणित वेगळं. ते टप्पे खात जातात, वात संपल्यावर फुटतात, आणि परत वापरण्याआधी थांबावं लागतं. फ्लॅश ग्रेनेड मार कमी करतो पण समोरच्याला आंधळं आणि सुन्न करतो. घेरलेल्या मित्राला बाहेर पडायला एवढी सवड पुरते. म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो, आणि नवे खेळाडू ‘डॅमेज नाही’ म्हणून तो सोडून देतात याची हळहळ वाटते. गॅस ग्रेनेडचा विषारी ढग तसा मंद काम करतो, पण आग मिळाली की एकदम भडकतो. एक्स्प्लोझिव्ह शॉटचा बाण तर आसपास पडलेले ग्रेनेड वेळेआधीच फोडतो. म्हणजे आधी ग्रेनेड पेरायचे आणि मग एका बाणाने सगळे उडवायचे. बॉसच्या लढाईत हे डोळे दिपवणारं दिसतं. त्याची कमजोरी तयारीच्या वेळात आहे: शत्रू जागेवर राहिला पाहिजे. गटातला कोणी त्याला गोठवून किंवा अंगावर घेऊन जागेवर धरत असेल तरच ही तयारी फळते. एकटं असताना निम्म्या वेळा राक्षस ढगातून चालत बाहेर येतो. गॅल्व्हॅनिक शार्ड्सबद्दल फार सांगायला नको. किरकोळ शत्रूंची गर्दी विजेच्या साखळीने साफ करायला ते उत्तम, मोठ्या एकट्या शत्रूपुढे सामान्य.

सगळ्या क्रॉसबो प्रकारांवर पडणारी एक सामाईक छाया म्हणजे रीलोड. धनुष्यवाल्या रेंजरला ती अडचण नाही. मर्सिनरी रिकामा झाला की तेवढे क्षण लोळण घेत निभावून न्यावे लागतात. दोन मर्सिनरी एका गटात असतील तर त्यांनी एकाच वेळी रिकामं होऊ नये, इतकी साधी शिस्त पाळली तरी ही कमजोरी अर्धी होते. पण त्यासाठी बोलावं लागतं, आणि अनोळखी लोकांच्या गटात कोणी बोलत नाही.

न्यूझीलंडच्या बाबतीत अंतराचा मुद्दा टाळता येत नाही. तिथून अमेरिका आणि युरोप फार लांब, आणि पुष्कळ खेळांचे सर्व्हर तिकडेच किंवा फार तर सिडनीत. नेमक्या क्षणी कळ दाबावी लागणारं शस्त्र अशा अंतरावरून दुबळं होतं. पहिल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ला सुरुवातीच्या काळात याचाच शाप होता: पडद्यावर शत्रू एका जागी, सर्व्हरच्या हिशेबात दुसऱ्या जागी. २०१५ साली ‘लॉकस्टेप’ पद्धत आली, तेव्हा ही फारकत गेली, पण त्या पद्धतीत प्रत्येक कृतीला सर्व्हरच्या होकाराची वाट पाहावी लागते. म्हणजे चांगलं इंटरनेट जाळं असलेल्याला फायदा, दूरच्याला अडखळ. याचा शस्त्रनिवडीशी थेट संबंध आहे. ज्याचं जाळं मंद आहे त्याने ढग, आग, गोठवणं, बुरुजासारखे आपोआप मारणारे बॅलिस्टा असली क्षेत्र धरून ठेवणारी साधनं घ्यावीत. नेमबाजी ज्याला विलंब कमी त्याच्याकडे. पुण्याचा भाऊ आणि ऑकलंडची बहीण एकत्र खेळत असतील (आणि अशी कितीतरी मराठी घरं आहेत) तर कोणाच्या सर्व्हरवर खेळायचं हे ठरल्याबरोबर कोणी कोणतं शस्त्र घ्यायचं हेही निम्मं ठरतं.

पहिल्या भागात गटाची कल्पना अगदी टोकाला गेली होती. तिथल्या सहा जणांच्या गटात एक खेळाडू असा असे जो जवळजवळ काहीच मारत नसे. त्याचं सगळं बळ ‘ऑरा’ देण्यात, म्हणजे सोबत्यांना वेग, मार आणि संरक्षण पुरवण्यात खर्च व्हायचं. त्याच्या नावावर डॅमेज शून्याच्या जवळ, आणि तरीही तो गटातून उठला की बाकीचे पाच जण लंगडे. त्या खेळाच्या जाणकारांनी अशा खेळाडूला कधी कमी लेखलं नाही. आकड्यांच्या वादाला याहून नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

वेलिंग्टनचाही एक धागा आहे. पीटर जॅक्सन निर्माता म्हणून ‘हेलो’चा चित्रपट करणार होता, तेव्हा मिरामारच्या वेटा वर्कशॉपने त्या खेळातल्या बंदुका आणि वॉर्टहॉग गाडी खरोखर हातात धरता येतील, चालवता येतील अशी घडवली. चित्रपट बारगळला, पण ती सामग्री २००७ साली नील ब्लोमकाम्पच्या ‘लँडफॉल’ या लघुपटांत वापरली गेली. ‘हेलो’ हा दोघांनी मिळून मोहीम पार पाडण्याच्या शूटरचा मोठा आदर्श, आणि त्यातलं प्लाझ्मा पिस्तूल आपल्या विषयाचा उत्तम नमुना आहे. साध्या वापरात ते दुबळं. पण कळ दाबून भरलेला त्याचा हिरवा गोळा शत्रूची ऊर्जाढाल एका फटक्यात उतरवतो, आणि ढाल उतरली की दुसऱ्याच्या रायफलीची डोक्यात एक गोळी पुरते. त्याच खेळातला रॉकेट लाँचर दोन रॉकेटांत रिकामा होतो, आणि घाईत सोडलेलं रॉकेट सोबत्यालाही उडवतं. मला दोघांत एकच निवडायचं असेल तर सोबत्याच्या हाती मी पिस्तूल देईन.

न्यूझीलंडच्या बाहेर पाहिलं तर हीच कसोटी आणखी कडक होते, कारण तिथल्या काही खेळांत आपली गोळी आपल्या माणसाला लागते. व्हॉल्व्हच्या ‘लेफ्ट फोर डेड २’मध्ये (२००९) सोप्या पातळीवर ती लागत नाही, वरच्या पातळ्यांवर चांगलीच लागते. मोलोटोव्हची आग वाट बंद करते, झुंड जाळते, आणि चुकीच्या दारात पडली तर आपल्याच चौघांना कोंडते. पाइप बॉम्ब टीटी करत झुंडीला स्वतःकडे ओढतो आणि मग फुटतो. पडलेल्या मित्राला उठवायला जे चार-पाच सेकंद हवे असतात ते तो मिळवून देतो. चेनसॉ भीषण आहे, पण तो घेऊन पुढे घुसणाऱ्याच्या मागे उभ्या तिघांना नेम धरायला जागाच राहत नाही. या खेळात हंटरने झडप घालून पाडलं किंवा स्मोकरने जिभेने ओढलं की स्वतःची सुटका स्वतःला बहुधा करता येत नाही, दुसऱ्यानेच यावं लागतं. म्हणून गटापासून लांब नेणारं कुठलंही शस्त्र इथे कमजोरच, त्याची मार काहीही असो.

स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेडचा ‘हेलडायव्हर्स २’ (फेब्रुवारी २०२४) तर सतत आपल्याच माणसांना मारण्याची मुभा देतो. त्यातली रिकॉइललेस रायफल चिलखती राक्षसांचा काळ आहे, पण एकट्याने रीलोड करायचं तर जागेवर थांबावं लागतं. दारूगोळ्याची पाठपिशवी मित्राने घेतली आणि तो शेजारी उभा राहिला तर रीलोड झपाट्याने होतो. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात फार थोडे लोक ती वापरतात, कारण मित्राला आपली पाठपिशवी सोडून दुसऱ्याचा हमाल होणं जिवावर येतं. क्वेझर तोफेला गोळ्याच लागत नाहीत, फक्त सुटायला वेळ लागतो आणि नंतर थंड व्हावं लागतं. मार थोडी कमी असूनही पुरवठ्यावर तिचा भार शून्य, म्हणून चौघांत एक क्वेझर असणं मला आवडतं. डेन्मार्कच्या ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’मध्ये पुरवठ्याचा हा हिशेब आणखी उघडा आहे: सगळ्यांनी मिळून खणलेल्या नायट्रातून ८० खर्चले की एक पुरवठा उतरतो, त्यात चौघांसाठी चार वाटे. ज्याची बंदूक दोन वाटे खाते त्याने तेवढा पराक्रमही दाखवावा, ही तिथल्या जुन्या खेळाडूंची साधी अपेक्षा असते.

आता नर्फचा, म्हणजे पॅच काढून शस्त्राची ताकद छाटण्याचा प्रश्न. मार्च २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या रेलगनची ताकद छाटली गेली आणि खेळाडू खवळले. एप्रिल २०२५ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल २’च्या ‘डॉन ऑफ द हंट’ या बदलात खेळाडूंचं बळ सरसकट उतरलं, तेव्हाही तेच. दोन्ही वेळचा राग मला समजतो. मेहनतीने जमवलेली रचना एका रात्रीत निकामी झाली की वाईट वाटणारच. पण सहकारी खेळात छाटणीची गरज असते, आणि कारण डॅमेजचं नाही. एक शस्त्र सगळंच करायला लागलं की चौघेही तेच घेतात, आणि मग कोणालाच कोणाची गरज उरत नाही. एकाने खोली साफ केली, तिघांनी मागून चालत जाऊन लूट उचलली, याला मी गट म्हणणार नाही. छाटणी करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा पद्धतीत असते. ते आकडे कमी करतात, आणि शस्त्र नुसतंच निरुपयोगी होतं. त्याऐवजी शस्त्राला सोबत्यावर अवलंबून करावं, जसं रिकॉइललेसच्या पाठपिशवीत किंवा पर्माफ्रॉस्टच्या गोठवण्यात केलं आहे. ऑकलंडच्या रचनाकारांनी चिलखत फोडणं आणि ते वापरणं या दोन कृती वेगळ्या ठेवल्या, यात मला त्यांची खरी समज दिसते.

याला एक अपवाद मान्य करावा लागतो. तिघे पडले आणि एकच उरला, अशी वेळ प्रत्येक गटावर येते. तेव्हा सोबत्यावर अवलंबून असलेलं शस्त्र हातात असणं म्हणजे हरणं. म्हणून गटात निदान एकाकडे स्वार्थी शस्त्र असावं: एकट्याने चालणारं, लगेच मारणारं, कोणाची वाट न पाहणारं. पण एकाकडेच. आणि ज्याच्याकडे ते आहे त्याने मागे राहावं, कारण शेवटी उरणं हेच त्याचं काम.

आपल्याकडेही या खेळांना खेळाडू पुष्कळ आहेत. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘मास्कगन’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हे शूटर केले, पण त्यांचा भर एकमेकांविरुद्ध लढण्यावर. मिळून लढण्याचा मोठा शूटर महाराष्ट्रातून यावा असं मनापासून वाटतं, आणि तो करणाऱ्यांनी न्यूझीलंडच्या लोकांनी घडवलेल्या या तीन खेळांचा दारूगोळा एकदा नीट उघडून बघावा.

माझा कौल असा. चौघांच्या गटात पहिली जागा गोठवणाऱ्याला किंवा जागेवर धरून ठेवणाऱ्याला. दुसरी चिलखत किंवा ढाल उतरवणाऱ्याला. तिसरी घेरलेल्या मित्राला सोडवणाऱ्या साधनाला, मग तो फ्लॅश ग्रेनेड असो, पाइप बॉम्ब असो की रक्ताची पिशवी. मोठी मार करणारी बंदूक चौथी, आणि ती चालवणाऱ्याने आधी सांगायचं, मग झाडायची.